इंदापूर परगण्याच्या कागदांतील कालनिर्देश आणि तारखेचे संगणकीय साचे

पेशवे दप्तरातील इंदापूर परगण्याच्या कागदांची योग्यता मिचिहिरो ओगावा यांच्या, १७६१ ते १८२८ या कालखंडाच्या अभ्यासावरून ध्यानी येते. अशा कागदांची सूची करताना अलीकडे एसक्यूएलसारख्या क्वेरी भाषांचा आश्रय घेतला जातो. तारीख वाचण्यासाठी तेथे 'डीडी-एमएम-वायवायवायवाय' असा अक्षरांचा साचा द्यावा लागतो. या साच्यांची चर्चा बहुधा एका ठरावीक चुकीपाशी थांबते. ओरॅकल व पोस्टग्रेस यांत 'एमएम' म्हणजे महिना आणि 'एमआय' म्हणजे मिनिटे. वेळ छापताना पहिला लिहिला की मिनिटांच्या जागी महिन्याचा आकडा येतो. ही चूक लवकरच उघडी पडते. मराठी कागदांबाबत होणारी चूक मात्र निमूटपणे खपून जाते.

समजा, एका कागदावर 'छ १५ सफर, सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ' असा निर्देश आहे. एक, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७१ हा सन होतो. तो आहे तसा साच्यात घातला तर यंत्र तक्रार न करता तो स्वीकारते आणि पेशवाईतला कागद बाराव्या शतकात जाऊन बसतो. साचा आकड्यांचा क्रम सांगतो. सन कोणता, हे सांगत नाही.

५९९ मिळवून इसवी सन काढला तरी प्रश्न संपत नाही, आणि खरी मेख येथेच आहे. सुहूर सन मृगापासून मृगापर्यंत चालणारा, म्हणजे सौर. त्यातील महिने मात्र हिजरी, म्हणजे चांद्र. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सनाच्या दोन्ही टोकांशी काही तारखा दोनदा येतात. ११७१ मधील १५ सफर ही १७७० च्या जूनमध्ये, सुमारे १० तारखेस येते आणि १७७१ च्या मेअखेरीसही येते. हा कागद सारासूट मागणारा असेल, तर ती मागणी पेरणीच्या तोंडावरची की सबंध हंगाम हातचा गेल्यावरची, हेच ठरत नाही. ज्या निष्कर्षासाठी सूची करावयाची, तोच अशा वेळी डळमळतो. निर्णय कागदातील मजकुरावरूनच करावा लागतो. कोणताही साचा तो करू शकत नाही.

शेजारच्या बारामतीत अडचण निराळी आहे. मोरोपंतांचे निधन शके १७१६ च्या चैत्री पौर्णिमेस, म्हणजे १५ एप्रिल १७९४ रोजी झाले. येथे ७८ मिळविल्याने वर्ष जुळते, पण पौर्णिमेस 'डीडी' म्हणता येत नाही. तिथीची वृद्धी होते, क्षय होतो; अधिक मासात महिन्याचे नावच दोनदा येते. त्यासाठी मोडकांची जंत्री उघडावी लागते, किंवा तिच्यासारखे कोष्टक माहितीसाठ्यात आधी भरावे लागते.

म्हणून सूचीत तारखेचा एकच रकाना ठेवण्याची प्रथा सदोष मानली पाहिजे. मूळ निर्देश कागदावर आहे तसा अक्षरशः एका रकान्यात, सनाचे नाव दुसऱ्यात आणि संभाव्य इसवी तारखांपैकी आधीची व नंतरची अशा दोन तारखा पुढील दोहोंत नोंदवाव्यात. साचा लावावयाचा तो या शेवटच्या दोन रकान्यांनाच. ज्या कागदांत या दोन तारखा वेगळ्या येतील, त्यांची यादी क्वेरीनेच काढता येते; मजकूर पुन्हा वाचण्यास तेथून आरंभ करावा.