वर्गात चौघं, आणि लिहून घेणारी एक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला ल्योंमध्ये पहिल्यांदा फ्रेंचमधून सेमिनार द्यायचा होता. आदल्या दिवशी गाईडसमोर सराव केला. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि त्यांनी हात वर केला. पुन्हा म्हटलं, पुन्हा हात. पाठांतर चोख होतं, उच्चारही बरे होते. शेवटी ते म्हणाले, "बोलतेस बरोबर, पण मला काही सांगत नाहीयेस." घरी येऊन मी चिडून रडले. परदेशात शिकत असाल तर असा एखादा दिवस तुमच्याही खात्यात असेल.

बऱ्याच वर्षांनी एक नाटक पाहिलं आणि तो दिवस आठवला. नाटकाचं नाव 'एल्विर जुवे 40'. ब्रिजित जाक या दिग्दर्शिकेनं ते 1986 मध्ये स्ट्रासबुर्गला रंगमंचावर आणलं, आणि पुढे बन्वा जाकोनं त्याचा चित्रपट केला. मी पाहिला तो चित्रपटच. यात कथानक म्हणावं असं फार नाही. पॅरिसच्या नाट्य कॉन्झर्वात्वारमधला एक वर्ग, एक शिक्षक, तीन विद्यार्थी आणि एकच प्रवेश, इतकंच.

आधी या कॉन्झर्वात्वारबद्दल थोडं. ही फ्रान्सची सरकारी नाट्यशाळा, मुळं अठराव्या शतकातली. आजही तिथे दरवर्षी हजाराहून जास्त मुलंमुली अर्ज करतात आणि घेतात साधारण तीस जणांना. नाटकातला शिक्षक लुई जुवे हा त्या काळातला फ्रान्सचा मोठा नट आणि दिग्दर्शक. गंमत म्हणजे तरुणपणी याच शाळेनं त्याला तीनदा नाकारलं होतं. 1934 मध्ये तो तिथेच शिकवायला आला. त्याच्या वर्गातलं बोलणं लघुलिपीत लिहून घेतलं जायचं. फेब्रुवारी ते सप्टेंबर 1940 या काळातल्या सात तासांच्या नोंदी घेऊन जाकनं हे नाटक उभं केलं.

क्लोदिया ही विद्यार्थिनी मोलिएरच्या 'दों जुआं'मधली एल्विर करते आहे. मोलिएर आपल्याला परका नाही. अत्र्यांचं 'कवडीचुंबक' त्याच्याच नाटकावरून आलं. 'दों जुआं' मात्र वेगळ्या जातीचं आहे. नायकानं एल्विरला मठातून पळवून आणलं, लग्न केलं आणि टाकून दिलं. पहिल्या अंकात ती संतापून जाब विचारायला येते. चौथ्या अंकात ती पुन्हा येते, पण आता तिला काहीच नको असतं. तुझ्यावर संकट येतंय, स्वतःला सावर, एवढं सांगून तिला निघून जायचंय. ऐकताना नोकर स्गानारेलला रडू फुटतं. मालक मात्र तसाच राहतो.

क्लोदियाकडे आवाज आहे, समज आहे, तंत्र आहे. जुवेला अडचण वाटते ती नेमकी याचीच. ती प्रत्येक वाक्य छान बोलते, योग्य जागी थांबते, आणि त्या थांबण्यातच एल्विर निसटते. भावना आधी आली पाहिजे, तिच्या श्वासावर शब्द आले पाहिजेत, असा त्याचा आग्रह आहे. म्हणून पुन्हा प्रवेश, पुन्हा तेच पहिलं वाक्य. फ्रेंचमध्ये नाटकाच्या सरावाला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'पुनरावृत्ती' असा होतो. आपण म्हणतो 'तालीम', आणि पैलवान घाम गाळतात त्या जागेलाही तालीमच म्हणतो. या वर्गात दोन्ही अर्थ एकत्र दिसतात.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर जुवेच्या कडकपणाची जात. तो वाक्याला सोडत नाही, पण मुलीला तोडून बोलत नाही. जमत नाहीये हे तो दहा प्रकारे सांगतो, आणि तुला कधी जमणारच नाही असं एकदाही सुचवत नाही. 'फार कडक, पण फार मोठा माणूस' असं म्हणून आपण आपल्याकडच्या गुरूंना आणि इथल्या गाईडनाही बरंच काही माफ करतो. कामाबाबत कडक असणं आणि माणसाला खाली ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं नाटक मला तरी माहीत नाही. फिलिप क्लेव्हनोचा जुवे कधी थकतो, कधी चाचपडतो, त्यालाही उत्तर पूर्ण सापडलेलं नसतं. मारिया द मेदेइरोसची क्लोदिया गप्प राहून ऐकते, आणि ते ऐकणंच हळूहळू तिचा अभिनय होत जातं.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती छोटी नाही.

शीर्षकातलं '40' हे साल आहे. 14 जून 1940 ला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. वर्गात मात्र तोच प्रवेश चालू राहतो. शेवटी आपल्याला कळतं की क्लोदियाला शोकांतिका आणि सुखात्मिका या दोन्हींत पहिलं बक्षीस मिळालं, आणि ती ज्यू असल्यामुळे जर्मन ताब्याच्या काळात तिला रंगमंचाची बंदी झाली. प्रेक्षक हबकतो. मीही हबकले. पण मग मनात येतं, सात तास हा माणूस या मुलीकडे खरी भावना मागत होता. त्या सप्टेंबरमध्ये तिच्या मनात खरोखर काय चाललं होतं, हे ना त्यानं विचारलं, ना नाटकानं. पुढच्याच महिन्यात, 3 ऑक्टोबरला, व्हिशी सरकारचा ज्यूंविरुद्धचा पहिला मोठा कायदा आला. नोंदीत नाही ते घालायचं नाही, हा जाकचा निर्णय प्रामाणिक आहे. तरी त्याची किंमत अशी की गुरू आपल्याला आतून कळतो आणि शिष्या शेवटच्या बातमीपुरती उरते.

आणि आणखी एकजण पूर्णच राहून जाते. पात्रांच्या यादीत जुवे, क्लोदिया आणि दोन मुलगे, असे चौघंच आहेत. पण हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते पाचव्या व्यक्तीमुळे. लघुलिपीत लिहून घेणारी होती जुवेची सेक्रेटरी, शार्लोत देल्बो. 1941 मध्ये जुवेची नाटक कंपनी दक्षिण अमेरिकेत होती, तीही तिथे होती. ती फ्रान्सला परतली आणि नवऱ्याबरोबर प्रतिकार चळवळीत काम करू लागली. मार्च 1942 मध्ये दोघांना अटक झाली. मे महिन्यात नवऱ्याला गोळ्या घातल्या. जानेवारी 1943 मध्ये 230 बायकांबरोबर तिला आउशवित्झला नेलं. त्यातल्या 49 परत आल्या, त्यांत ती होती.

तिनं नंतर लिहून ठेवलंय की आउशवित्झजवळच्या रायस्को इथे कैदी बायकांनी मोलिएरचं 'ल मालाद इमाजिनेर' आठवून आठवून पुन्हा जुळवलं आणि त्याचा प्रयोग केला. पुढे राव्हेन्सब्रुकच्या छावणीत तिनं आपल्या वाट्याची भाकरी देऊन मोलिएरच्याच 'मिझांत्रोप'ची एक प्रत घेतली आणि ते नाटक पाठ करायला लागली.

भाकरी देऊन नाटक. हे वाचल्यावर मला त्या वर्गाकडे पूर्वीसारखं बघता आलं नाही. बक्षीस मिळालेल्या मुलीला त्या बक्षिसाचं संरक्षण मिळालं नाही. रंगमंचावर कसं यायचं हे गुरू शिकवू शकला. कोणाला येऊ द्यायचं, हे वर्गाबाहेर ठरत होतं. आपल्या व्हिसाच्या आणि नोकरीच्या काळज्यांची त्याच्याशी तुलना करू नका, मीही करत नाही. पण शिक्षण पक्कं असलं की दार आपोआप उघडेल, या आपल्या मध्यमवर्गीय विश्वासाला या नाटकानं मला तरी एक खोल चीर पाडली.

तरीही ते शिक्षण वाया गेलं असं देल्बोबद्दल कोण म्हणेल? तिला ना प्रवेश मिळाला होता, ना बक्षीस, ना कुणी तिला पहिलं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ती फक्त ऐकत होती आणि लिहीत होती.

चित्रपट मिळाला तर जरूर बघा. जुवे बोलत असताना क्लोदियाकडे बघा. आणि अधूनमधून, पडद्यावर न दिसणाऱ्या त्या वहीची आठवण ठेवा.