किपलिंगचे जन्मघर आणि वैनगंगेचा काठ : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कला महाविद्यालयाच्या आवारात झाडांच्या दाटीत एक दुमजली बंगला उभा आहे. दगड आणि लाकूड यांत बांधलेला, हिरव्या रंगाचा हा बंगला ‘डीन बंगला’ या नावाने ओळखला जातो. तेथे रुडयार्ड किपलिंगचा अर्धपुतळा आहे आणि ३० डिसेंबर १८६५ रोजी त्याचा जन्म येथे झाला, असे सांगणारा फलकही आहे. फलकावरील तारीख बरोबर आहे. ‘येथे’ हा शब्द मात्र बरोबर नाही. सध्याचा बंगला १८८२ च्या सुमाराचा आहे. त्या वेळी किपलिंग सोळा-सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या आईवडिलांनी मुंबई सोडून सात वर्षे झाली होती.

भंडारा जिल्ह्यातील वाचकाला मुंबईतील एका बंगल्याच्या फलकाशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वैनगंगेत आहे. शिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावून, बालाघाट व गोंदिया ओलांडून, भंडारा शहराला वळसा देत पवनीकडे जाणारी ही नदी ‘जंगल बुक’मुळे जगभरातील मुलांना नावानिशी ठाऊक झाली. परंतु शिवनीचा तो प्रदेश किपलिंगने प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ज्या घराला त्याचे जन्मघर म्हटले जाते त्यात तो जन्मला नाही आणि ज्या नदीकाठी त्याचा मोगली वाढला त्या काठाला तो कधी आला नाही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून त्या घराचे, आणि किपलिंगच्या साहित्यातील ‘घर’ या कल्पनेचे, मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एस्प्लनेडवरील छोटे घर

जॉन लॉकवुड किपलिंग हा यॉर्कशायरमधील पिकरिंगचा. मातीकाम आणि वास्तुशिल्प यांत तयार झालेला हा कारागीर-कलावंत मार्च १८६५ मध्ये अ‍ॅलिस मॅकडोनाल्ड हिच्याशी विवाहबद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईस पोहोचला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेत वास्तुशिल्पाचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली होती.

तो आला तेव्हाची मुंबई दोन अर्थांनी उघडी पडलेली होती. बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडला जात होता आणि एस्प्लनेडची मोकळी जमीन बांधकामासाठी खुली होत होती. दुसरीकडे अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले होते व कालपर्यंत धनाढ्य असलेल्या पेढ्या बुडत होत्या. तेजीच्या काळात आखलेल्या शहराची सजावट मंदीच्या काळात करण्याची जबाबदारी या अध्यापकावर आली. विल्यम इमर्सनच्या आराखड्यानुसार १८६९ साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरील कोरीव पट्ट्या ही त्या कामाची आजही पाहता येणारी खूण आहे.

किपलिंग कुटुंबाचे घर या काळात काही भव्य नव्हते. ‘समथिंग ऑफ मायसेल्फ’ या १९३७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात रुडयार्डने त्याचा उल्लेख एस्प्लनेडवरील छोटे घर असाच केला आहे. त्या आठवणींत वास्तूचे वर्णन जवळजवळ नाही. आहेत ती माणसे आणि वास. गोव्याकडची कॅथलिक आया, मिता हा हिंदू नोकर, त्यांच्याबरोबर बाजारात पाहिलेल्या फळांचे रंग, आणि आईबाबांच्या खोलीत जाताना ‘आता इंग्रजीत बोल’ अशी मिळणारी ताकीद. म्हणजे या घराच्या आत एक अदृश्य उंबरठा होता. त्याच्या एका बाजूला देशी भाषा होती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मूल दोन्हीकडे ये-जा करीत होते, परंतु प्रत्येक वेळी त्याला भाषा बदलावी लागत होती. किपलिंगच्या पुढील सर्व लेखनाचा नकाशा या एका तपशिलात सापडतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे घर १८७१ मध्ये सुटले. त्या वर्षी पाच वर्षांच्या रुडयार्डला व त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमधील साउथसी येथे परक्या कुटुंबाकडे ठेवून आईवडील परतले. तेथील सहा वर्षांचा छळ त्याने ‘बा बा ब्लॅक शीप’ या कथेत (१८८८) आणि पुढे आत्मवृत्तातही मांडला. १८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला मेयो कलाशाळेचा प्रमुख आणि तेथील संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून गेला. ऑक्टोबर १८८२ मध्ये रुडयार्ड मुंबईच्या बंदरात उतरला तो केवळ लाहोरची गाडी पकडण्यासाठी.

बंगला आणि वाडा

जन्माचा दावा बाजूला ठेवला की बंगला नीट दिसू लागतो. ‘बंगला’ हा शब्द मूळचा बंगालातील झोपडीवजा घराचा; इंग्रजांनी तो उचलला, त्याला दगडी जोते दिले आणि तो सगळ्या हिंदुस्थानभर नेला. डीन बंगला हा त्या घराण्यातला. रुंद व्हरांडा, उतरते छप्पर, झडपांच्या खिडक्या आणि नक्षीदार लाकूडकाम ही त्याची अंगे. यातील व्हरांडा ही शोभेची गोष्ट नव्हे. पश्चिम किनाऱ्यावरील पाऊस भिंतीपासून दूर ठेवणे, उन्हाची तिरीप आतल्या खोल्यांत येऊ न देणे आणि दारे उघडी ठेवून वारा घेणे ही तीन कामे तो एकाच वेळी करतो. व्हिक्टोरियाकालीन इंग्रज कुटुंबाला विलायतेत बंद दिवाणखाना प्रिय होता. येथे हवामानाने त्याला बाहेर आणून बसवले.

पूर्व विदर्भातील वाचकाला याची तुलना मालगुजारी वाड्याशी करता येईल. काळ जवळजवळ तोच आहे. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला व त्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीवर मालकी हक्क मिळाले. १९५१ मध्ये ते हक्क संपुष्टात आले. या अवधीत गावोगावी उभी राहिलेली वा वाढवली गेलेली जाड मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची, कवेलूंच्या छपरांची घरे हीदेखील व्हिक्टोरियाकालीन कौटुंबिक घरेच होत. त्यांना तसे कोणी म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी. बंगला बाहेर पाहतो, वाडा आत पाहतो. बंगल्याभोवती मोकळे आवार असते आणि त्याच्या व्हरांड्यातून आलेला माणूस दुरूनच दिसतो. वाड्यात हे मोकळेपण मधल्या चौकात असते व आलेल्या माणसाची पायरी ओसरीवर ठरते. कोणी कुठवर यायचे हे दोन्हीकडे वास्तूच सांगते. बंगल्यातील मागचे जिने आणि नोकरांच्या वेगळ्या खोल्या, वाड्यातील ओसरी आणि माजघर यांच्यामधील दार, हे सारे त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. एस्प्लनेडवरील मुलाला जी भाषेची ताकीद मिळे ती या अर्थाने वास्तुशास्त्रीय होती.

डीन बंगल्याचे खरे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. तो उभा राहिला त्या काळात जॉन ग्रिफिथ्स कलाशाळेचा प्रमुख होता. त्याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडांवरील पाने, पक्षी व प्राणी घडवले. बंगल्याच्या आसपास वावरणाऱ्या त्या हातांची नावे बहुतेक नोंदली गेली नाहीत. एका मुलाच्या जन्माचा फलक लागतो आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या कामाचा लागत नाही, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

व्हरमाँटमध्ये बांधलेले घर

किपलिंगने स्वतःसाठी बांधवून घेतलेले घर हिंदुस्थानात नाही. कॅरोलिन बॅलेस्टियर हिच्याशी १८९२ मध्ये विवाह झाल्यावर तो अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात तिच्या माहेरच्या परिसरात राहू लागला. डमरस्टन येथे वास्तुकार हेन्री रटगर्स मार्शलकडून त्याने १८९२-९३ मध्ये घर बांधवले आणि त्याला ‘नौलखा’ हे नाव दिले. लाहोरच्या किल्ल्यातील शाहजहानकालीन नौलखा मंडपाची आठवण त्या नावात आहे. कॅरोलिनचा दिवंगत भाऊ वोल्कॉट याच्याबरोबर लिहिलेल्या कादंबरीच्या शीर्षकात हा शब्द चुकीच्या वर्णक्रमाने छापला गेला होता. घरावर तो शुद्ध करून घेतला गेला.

डोंगरउतारावर दगडी पायावर उभे असलेले, लाकडी फळकुटांनी मढवलेले हे लांबट, अरुंद घर दुरून एखाद्या जहाजासारखे दिसते. लेखनाची खोली एका टोकाला आहे आणि तिच्याकडे जाण्याची वाट कॅरोलिनच्या खोलीतून आहे. लेखकाला भेटू पाहणाऱ्याला आधी पत्नीची परवानगी लागे. व्हरांडा आणि वाडा यांविषयी वर जे म्हटले ते येथे एका दाराने साधले आहे. याच खोलीत, बाहेर बर्फ पडत असताना, ‘जंगल बुक’ (१८९४) आणि ‘सेकंड जंगल बुक’ (१८९५) यांतील बहुतेक कथा लिहिल्या गेल्या. वडील लॉकवुड १८९३ मध्ये तेथे येऊन गेला. त्याने अग्निकुंडावरील पट्टीवर बायबलमधील वचन लिहिले आणि पुस्तकांसाठी चित्रेही काढली. शिवनीची झाडे व प्राणी यांसाठी किपलिंगने रॉबर्ट स्टर्नडेलच्या पुस्तकांचा आधार घेतला होता. वैनगंगा ही व्हरमाँटमध्ये वाचून रचलेली नदी आहे.

म्हणूनच भंडाऱ्याच्या वाचकाला ती नदी ओळखू येत नाही. ‘रेड डॉग’ या कथेतील वैनगंगा मधमाश्यांनी झाकलेल्या कड्यांमधून वाहते. भंडाऱ्याजवळचे रुंद, वाळूचे पात्र तिच्यात कोठेच नाही. हा दोष मानण्याचे कारण नाही. नदी लांब आहे आणि लेखकाला तिचे सगळे रूप देण्याचे बंधन नाही. प्रश्न आहे तो नदीकाठच्या घरांचा.

मेसुआचे घर

‘टायगर! टायगर!’ या कथेत मोगली गावात येतो आणि मेसुआ त्याला आपल्या घरी नेते. किपलिंगने त्या घराचे वर्णन मोजक्या वस्तूंनी केले आहे. लाखेच्या रंगाची लाल खाट, उठावाच्या नक्षीची मातीची कणगी, तांब्याची काही भांडी, कोनाड्यातील देव आणि जत्रेत मिळतो तसा आरसा. पितळी-तांब्याच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या वाचकाला हे घर आपल्या शेजारचे वाटेल. साम्राज्याच्या लेखकाने खेड्यातील घराकडे इतक्या बारकाईने आणि उपहासाविना पाहावे, ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. मोगलीला मात्र ते छप्पर सापळ्यासारखे वाटते. रात्री दार बंद होताच तो खिडकीतून बाहेर पडतो आणि शेताकडेच्या गवतात झोपतो.

यापुढे जे घडते ते अधिक गंभीर आहे. ‘लेटिंग इन द जंगल’ या कथेत मेसुआला चेटकीण ठरवून छळणाऱ्या गावावर मोगली हत्ती सोडतो. पिके तुडवली जातात, माणसे निघून जातात, हत्ती छपरे उचकटतात, भिंती ढकलतात आणि पावसात मातीचे ढिगारे विरघळतात. किपलिंगने हा विध्वंस आवडीने लिहिला आहे. कथेतील न्याय मान्य केला तरी शिक्षा सगळ्या गावाला होते, याचा विचार कथा करीत नाही. मेसुआ व तिचा नवरा आसरा शोधतात तो खान्हीवाडा येथील इंग्रजांकडे. हे ठिकाण म्हणजे शिवनी जिल्ह्यातील कान्हीवाडा. देशी घर पडते, साहेबाचे घर तारते. पाच वर्षांच्या वयात हातून गेलेल्या घराचा शोक ज्याला आयुष्यभर पुरला, त्या लेखकाने दुसऱ्यांच्या घरांचे मातीत मिळणे इतक्या सहजतेने लिहावे, ही या पुस्तकातील सर्वांत मोठी विसंगती होय. मराठी बालसाहित्यात मोगलीच्या कथा संक्षेपाने येतात तेव्हा हा भाग बहुधा गाळला जातो. त्यामुळे मुलांचे नुकसान होते की नाही हा वेगळा मुद्दा आहे, परंतु किपलिंगचे मूल्यमापन त्यामुळे सोपे होऊन बसते.

जतनाचा प्रश्न

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डीन बंगल्याची दुरुस्ती करून तेथे किपलिंगचे संग्रहालय करण्याचा विचार पुढे आला होता. साम्राज्याच्या गायकाचे स्मारक भारतात कशासाठी, असा आक्षेप निघाला आणि बंगल्यात भारतीय चित्रकारांच्या कलाकृती ठेवण्याची कल्पना मांडली गेली. या वादात दोन्ही पक्षांनी फलक खरा धरला होता. एका पक्षाला जन्मस्थान जपायचे होते, दुसऱ्याला ते नको होते. बंगला त्याच्या स्वतःच्या गुणांवर, म्हणजे १८८० च्या दशकातील लाकूडकामाचा आणि कलाशाळेच्या प्रमुखांच्या कौटुंबिक निवासाचा नमुना म्हणून, जपण्यासारखा आहे हे दोघांच्याही युक्तिवादात दुय्यम राहिले. चित्रांचे दालन करण्याची कल्पना त्यातल्या त्यात बरी, परंतु तिच्यातही धोका आहे. दमट हवेसाठी खुले ठेवलेले घर चित्रांसाठी बंद करावे लागते. झडपा लावून व्हरांडे काचेने भरले की चित्रे सुरक्षित राहतील, बंगला मात्र उरणार नाही.

इंग्लंड-अमेरिकेत लेखकांची घरे जपण्याची पद्धत रूढ आहे. ‘नौलखा’ एका न्यासाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी घेतले व दुरुस्त केले आणि ते मुक्कामासाठी भाड्याने मिळते. तेथे किपलिंग खरोखर राहिला होता. मुंबईत ते साधण्यासाठी बंगला पाडण्याची वा पुतळा हलवण्याची गरज नाही. फलकावरील ‘येथे’ हा शब्द काढून ‘या परिसरातील पूर्वीच्या घरात’ असे लिहिता येईल. त्याखाली बंगल्याच्या बांधणीचा काळ आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची नावे कागदपत्रांत सापडतील ती नावे घालण्यास जागा पुरेशी आहे. भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी वाड्यांसाठी असा एकही फलक लावायचा झाल्यास आधी त्यांची मोजणी, आराखडे आणि छायाचित्रे करावी लागतील. कवेलू उतरवून पत्रे टाकण्याचे काम चालू असताना हे जितके लवकर होईल तितके बरे.