राहून आलेल्या देशाच्या कादंबऱ्या

एखाद्या देशात काही वर्षं राहून परत आलं की त्या देशाच्या कादंबऱ्या सरळ वाचता येत नाहीत. गोष्ट पुढे जात असते आणि आपण मात्र स्टेशनाचं नाव, दुकानातला आवाज, पावसाचा महिना यांतच अडकून पडतो. कामानिमित्त मी अडीच वर्षं योकोहामात राहिले. पुण्यात परतल्यापासून जपानी कादंबऱ्यांचा सपाटा लावलाय, बहुतेक इंग्रजी अनुवादातून. त्यातल्या तिघींबद्दल इथे लिहितेय. ‘हे पुस्तक वाचून जपानची फार आठवण आली’ हे वाक्य पुस्तकाबद्दल असतं की आपल्याबद्दल, या प्रश्नाचं तीन निरनिराळ्या प्रकारे उत्तर त्या देतात.

अशा आठवणीसाठी जपानीत ‘नात्सुकाशी’ असा शब्द आहे. जुनं गाणं लागलं, शाळेतला खाऊ दिसला की लोक तो सहज उच्चारतात. त्यात हळहळीपेक्षा आनंद जास्त असतो. मराठी समीक्षेतला शब्द आहे ‘स्मरणरंजन’, आणि तो बहुतेकदा टोमणा म्हणूनच वापरला जातो. मला दोन्ही शब्द लागतात. पहिला वाचताना, दुसरा वाचून झाल्यावर.

हिरोमी कावाकामींची ‘सेनसेई नो काबान’ (2001) ही कादंबरी नात्सुकाशीचा खजिना आहे. सदतीस-अडतीस वर्षांच्या त्सुकिकोला स्टेशनजवळच्या छोट्या बारमध्ये तिचे शाळेतले म्हातारे मास्तर भेटतात. दोघंही एकटे. दोघांची ऑर्डर तीच निघते: नात्तो घातलेला ट्यूना, कमळाच्या देठाची भाजी, खारवलेले छोटे कांदे. पुढे मशरूम शोधायला जाणं, साकुराचा बहर, साके, एकेक ऋतू. माझ्यासारखीला पानापानावर पोट भरल्यासारखं होतं. पण कादंबरी त्यावर उभी नाही. ती उभी आहे एका बारीकशा नियमावर: दोघं आपापली दारू आपणच ओतून घेतात आणि आपापलं बिल आपणच देतात. जपानमध्ये ऑफिसच्या पार्टीत एकदा तरी बसलेल्या माणसाला या नियमाचं वजन कळतं. तिथे स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नसतं, शेजाऱ्यानं ओतायचं असतं. दोन एकटी माणसं आपलं एकटेपण सांभाळून जवळ कशी येतात, ते या ओतण्यातून दिसतं. इथे राहून आल्याचा उपयोग होतो. तरी एक गोष्ट खटकते. त्सुकिको नोकरी करते, पण तिचं ऑफिस जवळजवळ दिसतच नाही. ज्या जपानमध्ये मी रोजचे दहा तास काढले, ते या कादंबरीत नाही. ती हवीहवीशी वाटते, त्यामागे हेही कारण असावं.

सायाका मुराता नेमक्या त्या दहा तासांत शिरतात. ‘कोनबिनी निंगेन’ला 2016 साली अकुतागावा पुरस्कार मिळाला. छत्तीस वर्षांची केइको अठरा वर्षं एकाच कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, पार्ट-टाइम काम करते. दाराची घंटी, स्कॅनरची पीप, ‘इराश्शाइमासे’चा ठरलेला सूर हे सगळं मला गल्ल्याच्या अलीकडून पाठ होतं. मुराता ते पलीकडून ऐकवतात. केइकोला माणसांत कसं वागायचं ते कळत नाही. दुकानाच्या मॅन्युअलनं मात्र तिला बोलायचा सूर दिला, चेहऱ्यावरचे भाव दिले. आणि मग सगळे विचारतात: लग्न कधी? धड नोकरी कधी? अठ्ठावीस-एकोणतीसच्या वयात स्थळांचे बायोडेटा फोनवर येत असताना हे वाचलं, तर जपान दूरचा देश राहत नाही. ही कादंबरी मी मूळ जपानीतही अडखळत वाचली. इंग्रजी शीर्षकातून ‘कोनबिनीतली बाई’ असं सुचतं. जपानी ‘निंगेन’ म्हणजे मनुष्य, त्यात बाई-पुरुष नाही. मूळ शीर्षकात एका नव्या मनुष्यजातीचं नाव वाचायला मिळतं, इंग्रजीत ती परत बाई होते. तिला सगळे ज्या चौकटीत बसवू बघतात, तीच ती चौकट.

तिसरी कादंबरी यू मिरी यांची, उएनो स्टेशनच्या बागेकडच्या दारावरची. मूळ जपानी 2014 ची. तिच्या इंग्रजी अनुवादाला 2020 मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. निवेदक काझू मेलेला आहे. तो 1933 साली जन्मला, माजी सम्राट अकिहितो जन्मले त्याच वर्षी. त्याचा मुलगा आणि आताचे सम्राट नारुहितो एकाच दिवशी जन्मले. घर फुकुशिमात, पोट मात्र टोकियोत. 1964 च्या ऑलिम्पिकसाठी चाललेल्या बांधकामावर मजूर म्हणून तो आला आणि शेवटी उएनोच्या बागेत बेघर होऊन राहिला. ही बाग 1924 साली राजघराण्यानं शहराला भेट दिली. तिच्या अधिकृत नावातच त्या भेटीचा उल्लेख आहे. राजघराण्यातलं कुणी येणार असलं की त्याच बागेतल्या बेघरांना झोपड्या गुंडाळायला लावल्या जातात.

जपानहून परतलेला प्रत्येक जण पहिलं वाक्य म्हणतो: ‘तिकडे किती स्वच्छ!’ घरी, ऑफिसात, फॅमिली ग्रुपवर. ते खोटं नाही. पण स्वच्छ करताना काय काय झाडून बाजूला केलं जातं, ते यू मिरी दाखवतात. हनामीला साकुराखाली बसायला जी निळी ताडपत्री अंथरतात, तसल्याच ताडपत्रीची काझूची झोपडी आहे. पाहुणे येणार म्हणून झोपड्यांपुढे पडदे लावणं आपल्यालाही नवं नाही. यू मिरी स्वतः जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन. त्यांच्यासाठी हा देश ‘एकदा राहून आलेला’ नाही, आणि पुरता आपला म्हणून त्यांना कुणी दिलेलाही नाही. अडीच वर्षांच्या व्हिसावरून जे दिसत नाही, ते दिसायला अशी जागा लागते.

म्हणून माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. ओळखीच्या खुणा कुठल्याही बऱ्या कादंबरीत सापडतील. तो आनंद माझ्या आठवणीचा आहे, लेखिकेला त्याचे मार्क देऊ नयेत. मार्क द्यायचे ते त्या खुणेमागे मी तिथे असताना न दिसलेलं माणूस उभं केलं असेल तर. कावाकामींना पुष्कळ, मुरातांना त्याहून जास्त. यू मिरींची कादंबरी वाचून मला जपानला परत जावंसं वाटलं, पण साकुरा बघायला नव्हे. तुम्हीही कुठे राहून आला असाल, तर त्या देशाबद्दलचं तुमचं लाडकं वाक्य कोणतं, ते आठवा. आणि ते वाक्य मोडणारी कादंबरी शोधा.