धानपट्ट्यातील संकट आणि पक्षांचा जनाधार : भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या निकालांचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

आर्थिक संकटाच्या काळात मतदार सत्ताधारी पक्षाला शिक्षा करतो, हे निवडणूक-अभ्यासातील जवळजवळ गृहीत धरले गेलेले प्रमेय आहे. व्ही. ओ. की यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने मतदाराच्या जबाबदार विवेकाची बाजू मांडली आणि मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये पूर्वलक्षी मतदानाची मीमांसा करून तिला शास्त्रीय बैठक दिली. मतदार भविष्यातील आश्वासनांपेक्षा सरलेल्या वर्षांचा हिशेब पाहतो, असा या मांडणीचा गाभा होय. आपल्याकडील वृत्तपत्रीय विश्लेषणात हेच प्रमेय ‘शेतकऱ्यांनी धडा शिकवला’ अशा वाक्यात अवतरते. हे वाक्य निकालानंतर नेहमीच खरे वाटते. परंतु पुढच्याच निवडणुकीत तोच शेतकरी त्याच पक्षाला पूर्वीपेक्षा अधिक मते देतो, तेव्हा विश्लेषकाकडे ‘लाट’ या शब्दाखेरीज काही उरत नाही. प्रस्तुत लेखात भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या २००९ ते २०२४ या कालखंडातील निकालांच्या आधारे या प्रमेयाची तपासणी केली आहे.

आयर्लंडचा दाखला

हे प्रमेय ज्या उदाहरणांत शुद्ध रूपात आढळते, त्यांत आयर्लंडचे स्थान वरचे आहे. फिआना फॉइल हा पक्ष १९३२ पासून प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत तेथील सर्वांत मोठा पक्ष ठरत आला होता. २००७ मध्ये त्यास ४१.६ टक्के मते मिळाली. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बुडत्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली, नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ८५ अब्ज युरोंच्या कार्यक्रमांतर्गत साहाय्य घेण्याची वेळ आली आणि फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत हा पक्ष १७.४ टक्क्यांवर घसरून तिसऱ्या स्थानी गेला. फिने गेल आणि लेबर पक्ष यांचे संयुक्त सरकार आले. त्यानेही काटकसरीचे धोरण पुढे चालविले, तेव्हा २०१६ मध्ये लेबर पक्षाच्या जागा ३७ वरून ७ वर आल्या. दोष कोणाचा, हे आयरिश मतदाराने दोन्ही वेळी ठरविले आणि त्याप्रमाणे मत फिरविले. येथे लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की, २०११ मध्ये मतदानाचे प्रमाण २००७ पेक्षा घटले नाही, काहीसे वाढलेच. रागावलेला मतदार मतदान केंद्रावर आला होता.

हा तपशील भंडाऱ्याकडे वळताना निर्णायक ठरतो.

कापसाचे संकट आणि धानाचे संकट

विदर्भातील शेतीसंकट म्हटले की कापूस आणि शेतकरी-आत्महत्या हेच चित्र डोळ्यांसमोर येते. जुलै २००६ मध्ये जाहीर झालेले ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांपुरते होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचे जिल्हे त्यात नव्हते. धोरणाने जी सीमा आखली तीच अभ्यासकांनीही निमूटपणे स्वीकारली, असे खेदाने म्हणावे लागते. पूर्व विदर्भातील धान उत्पादकाच्या विवंचनेवर आपल्याच महाविद्यालयांतून झालेले लेखन कापूस-पट्ट्यावरील लेखनाच्या तुलनेत फार थोडे आहे.

धानाच्या संकटाची जात वेगळी आहे. कापूस उत्पादक प्रामुख्याने खुल्या बाजाराच्या चढउतारात सापडतो. धान उत्पादकाचा भाव मात्र व्यवहारात शासनच ठरविते. आधारभूत किंमत केंद्र शासन जाहीर करते (साधारण धानासाठी २०१३-१४ मध्ये क्विंटलला १,३१० रुपये, २०१७-१८ मध्ये १,५५० रुपये, २०२४-२५ मध्ये २,३०० रुपये). त्यावरील बोनस राज्य शासन देते किंवा देत नाही. प्रत्यक्ष खरेदी पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने स्थानिक संस्था करतात. त्या संस्थांवर कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या गावपुढाऱ्याची मांड असते. केंद्र उशिरा उघडणे, बारदाना नसणे, चुकारे थकणे, गोदाम भरल्याने खरेदी बंद पडणे या तक्रारी दर हंगामात ऐकू येतात, आणि ज्याचे धान उघड्यावर पावसात भिजते तो यांपैकी नेमके कोणाला जबाबदार धरतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. केंद्रात एक आघाडी, राज्यात दुसरी आणि खरेदी संस्थेत तिसऱ्याचाच माणूस अशी स्थिती या जिल्ह्याने अनेकदा पाहिली आहे. पूर्वलक्षी मतदानाच्या सिद्धान्ताला दोषाचा एक स्पष्ट पत्ता लागतो. डब्लिनमध्ये तो होता. लाखांदूर वा पवनीच्या खरेदी केंद्रावर तो चार ठिकाणी वाटला गेलेला आहे.

सिंचनाबाबतही तेच. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्यानंतर सर्वच प्रमुख पक्ष राज्यात आणि केंद्रात सत्तेवर येऊन गेले. ज्या अपयशात सर्वांचा वाटा आहे, ते अपयश कोणाही एकाच्या पराभवाचे कारण होऊ शकत नाही. मामा तलावांतील गाळ आणि बोड्यांची दुरवस्था हे विषय प्रत्येक जाहीरनाम्यात येतात, ते बहुधा याच कारणाने निरुपद्रवी ठरले आहेत.

आकडे काय सांगतात

२००४ मध्ये जुन्या भंडारा मतदारसंघातून भाजपचे शिशुपाल पटले यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल पटेल यांचा सुमारे तीन हजार मतांनी पराभव केला. देशात राष्ट्रीय लोकशाही आघाडी पराभूत होत असताना या जिल्ह्याने उलट कौल दिला होता. तथापि २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, म्हणून पुढील तुलना २००९ पासूनच करणे युक्त होईल.

२००९ मध्ये प्रफुल पटेल यांना सुमारे ४ लाख ९० हजार मते मिळाली. काँग्रेसमधून बाहेर पडून अपक्ष उभे राहिलेले नाना पटोले सुमारे २ लाख ३८ हजार मतांसह दुसरे आले. भाजप सुमारे १ लाख ५९ हजार मतांसह तिसऱ्या स्थानी होता. २०१४ मध्ये पटोले भाजपचे उमेदवार झाले व सुमारे ६ लाख ६ हजार मते घेऊन विजयी झाले. पटेल यांना सुमारे ४ लाख ५७ हजार मते पडली. डिसेंबर २०१७ मध्ये पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आपल्याच सरकारवर टीका करीत खासदारकी सोडली. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे ४ लाख ४२ हजार मते घेऊन निवडून आले आणि भाजपचे हेमंत पटले सुमारे ३ लाख ९४ हजारांवर थांबले. वर्षभरात, २०१९ मध्ये, भाजपचे सुनील मेंढे यांना सुमारे ६ लाख ५० हजार मते पडली आणि राष्ट्रवादीचे नाना पंचबुद्धे सुमारे ४ लाख ५३ हजार मतांसह पराभूत झाले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून राष्ट्रवादीचा स्तंभ पाहावा : ४.९०, ४.५७, ४.४२, ४.५३ लाख. दोन विजय, दोन पराभव. आणि मते मात्र जवळपास तेवढीच. २०१४ च्या तथाकथित लाटेत या पक्षाने २००९ च्या तुलनेत केवळ ३३ हजारांच्या आसपास मते गमावली. मतदारांची संख्या वाढलेली असल्याने टक्केवारीत ही घट बरीच मोठी दिसते. त्याचा अर्थ असा की पक्षाचा जुना जनाधार ढळला नाही, परंतु नवा मतदार त्याच्याकडे आला नाही. २००९ मधील पटोले व भाजप यांची मते एकत्र केल्यास सुमारे ३ लाख ९७ हजार होतात. २०१४ चा निकाल म्हणजे ही बेरीज, अधिक दोन लाखांहून थोडी अधिक नवी भर.

२०१८ चा निकाल तर अधिकच बोलका आहे. खरीप २०१७ मध्ये धानावर तुडतुड्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला होता आणि नुकसानभरपाईचा प्रश्न धगधगत होता. सत्ताधारी पक्षाचा खासदार शेतकऱ्यांच्या नावाने राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेलेला होता. काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र होते. मतदार फिरण्यास याहून अनुकूल परिस्थिती कल्पिणे कठीण. तरीही विरोधी उमेदवाराची मते २०१४ पेक्षा सुमारे १५ हजारांनी कमीच भरली. घसरण झाली ती भाजपची, दोन लाखांहून अधिक मतांची, आणि त्याच वेळी मतदानाचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपासवरून ५३ टक्क्यांच्या आसपास खाली आले. काही मते इतर उमेदवारांकडे गेली असतील. परंतु मुख्य घटना मत फिरण्याची नसून मतदार घरी बसण्याची होती.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही दखलपात्र आहेत. पोटनिवडणुकीत मतदान नेहमीच कमी होते. त्यात मे महिन्याचे ऊन, तेंदूपत्त्याचा हंगाम, लग्नसराई आणि यंत्रांतील बिघाडामुळे ४९ केंद्रांवर करावे लागलेले फेरमतदान. हे सर्व खरे आहे. मात्र ऊन काही पक्ष पाहून लागत नाही. गळती दोन्ही बाजूंना सारखी न होता एकाच बाजूला का झाली, याचे उत्तर हा आक्षेप देत नाही. दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे. एकूण मतांच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या वर्तनाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते; राष्ट्रवादीचे काही मतदार घरी बसले आणि तितकेच भाजपचे मतदार तिच्याकडे आले, असेही घडले असू शकेल. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. तरीपण चार निवडणुकांत हा स्तंभ इतका स्थिर राहावा, हे अशा परस्पर-भरपाईने समजावून सांगणे अवघड आहे.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असंतुष्ट सदस्यापुढील मार्गांची जी मांडणी केली, तीत निर्गमन, आवाज व निष्ठा हे तीन पर्याय येतात. आयर्लंडच्या एकल संक्रमणीय मतपद्धतीत मतदार पसंतीक्रम लावून आपल्या पक्षापासून पायरीपायरीने दूर जाऊ शकतो. आपल्या पद्धतीत मधली पायरी नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या घड्याळाच्या वा पंजाच्या विरोधात मतदान केले, जातीचे आणि गावगटाचे राजकारण ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला धानाच्या चुकाऱ्यासाठी थेट प्रतिपक्षाचे बटण दाबणे जड जाते. न जाणे हाच त्याचा आवाज. सत्ताधाऱ्यांनी तो ऐकला असावा. २०१८-१९ च्या हंगामात धानाला क्विंटलमागे ५०० रुपये बोनस मिळाला आणि २०१९ मध्ये तोच मतदार परतला. पुलवामा-बालाकोटनंतरचे वातावरण हे परतण्याचे एकमेव कारण मानणाऱ्यांनी या बोनसचाही विचार करावयास हवा, इतकेच येथे सुचवावयाचे आहे. दोहोंचे प्रमाण ठरविण्याइतका पुरावा उपलब्ध आकड्यांत नाही.

क्रिस्टोफर एकेन आणि लॅरी बार्टेल्स यांनी २०१६ मध्ये असे प्रतिपादन केले की, मतदार दुष्काळ-पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तींचीही शिक्षा सत्ताधाऱ्यास देतो, म्हणून पूर्वलक्षी मतदान आंधळे असते. भंडाऱ्याच्या संदर्भात हे मत मला ग्राह्य वाटत नाही. तुडतुडा शासनाने सोडलेला नव्हता, हे रोवणीत वाकलेल्या मजुरालाही ठाऊक असते. पंचनामा कधी झाला, मदतीच्या यादीत नाव का नाही, हा प्रश्न मात्र शासनाचाच आहे. आपत्ती आणि आपत्तीचा कारभार यांतील भेद बांधीवरचा माणूस करतो; तो न करणारा बहुधा विश्लेषकच असतो.

२०२४ : वेगळे वळण

२०२४ मध्ये मात्र चित्र पालटले. काँग्रेसचे प्रशांत पडोळे यांना सुमारे ५ लाख ८७ हजार मते मिळाली व सुनील मेंढे सुमारे ३७ हजारांनी पराभूत झाले. २००४ पासून आघाडीत राष्ट्रवादीकडे असलेली ही जागा या वेळी काँग्रेसने लढविली. जुलै २०२३ मध्ये प्रफुल पटेल अजित पवार यांच्यासह सत्तापक्षाकडे गेले होते. वर उल्लेखिलेला तो साडेचार लाखांचा स्थिर स्तंभ पटेल यांच्या मागे गेला असता, तर मेंढे यांचा विजय विक्रमी ठरला असता. तसे झाले नाही. याचा अर्थ हा जनाधार व्यक्तीचा किंवा चिन्हाचा जितका मानला जात होता तितका तो नव्हता. तो भाजपविरोधाचा होता. विरोधी बाजूची मते या वेळी सुमारे १ लाख ३४ हजारांनी वाढली, भाजपची सुमारे एक लाखाने घटली. घरी बसणे संपून मत फिरणे सुरू झाल्याचा हा पहिला ठोस संकेत म्हणता येईल, जरी त्यात संविधानाच्या प्रश्नाचा वाटा किती आणि शेतीमालाच्या भावाचा किती, हे वेगळे करणे कठीण असले तरी.

आणि सहाच महिन्यांत, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, याच सहा मतदारसंघांपैकी पाच महायुतीने जिंकले. मध्यंतरी ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये घराघरांत पोचू लागले होते. धानाचा बोनसही २०२२ च्या डिसेंबरातील निर्णयापासून क्विंटलऐवजी हेक्टरमागे, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याची रीत पडली आहे. किती धान केंद्रावर मोजले गेले याच्याशी असलेला मदतीचा संबंध त्यामुळे तुटला. रक्कम थेट खात्यात आणि दाता स्पष्ट. दोषाचा पत्ता चार ठिकाणी वाटलेला असताना श्रेयाचा पत्ता एकच उरावा, ही रचना कोणत्याही सत्ताधाऱ्यास हितावह आहे, आणि पूर्वलक्षी मतदानाच्या पाश्चात्त्य मीमांसेत तिचा विचार जवळजवळ नाही.

सहावा मतदारसंघ साकोलीचा. तेथे नाना पटोले, तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष म्हणून, अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. निवडणूक आयोगाच्या केंद्रनिहाय तक्त्यांत लाखांदूर, लाखनी व साकोली तालुक्यांतील प्रत्येक गावाचे आकडे उपलब्ध आहेत. ज्या गावांतील खरेदी केंद्र त्या हंगामात वेळेवर उघडले आणि ज्या गावांतील उघडले नाही, त्यांची यादी पणन कार्यालयातून मिळविता येते. हे दोन तक्ते शेजारी ठेवण्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक उन्हाळी सुटी पुरे.