'हाकिमियत' : एका संज्ञेचा प्रवास आणि 'मआलिम फित्तरीक'

धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेची चर्चा बहुधा राजकारण, बेरोजगारी व परकीय हस्तक्षेप या कारणांपाशी थांबते. ही कारणे खरी आहेत. परंतु हत्येला धर्मकर्तव्याचे रूप कोणत्या विचाराने दिले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. या दृष्टीने सय्यद कुत्ब यांच्या 'मआलिम फित्तरीक' (१९६४) या ग्रंथाचे चिकित्सक वाचन आवश्यक ठरते.

कुत्ब (१९०६-१९६६) हे मूळचे साहित्यसमीक्षक. नजीब महफूज यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांचे मोल प्रथम ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९५४ नंतर सुमारे दहा वर्षे ते नासिर यांच्या राजवटीत कैदेत होते. १९५७ मध्ये तुरा येथील तुरुंगात इख्वानुल मुस्लिमीनचे २१ कैदी गोळीबारात ठार झाले. 'मआलिम'मधील कठोरपणा या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही. मात्र अनुभवाचे दुःख खरे असले, म्हणून त्यातून काढलेला सिद्धान्त खरा ठरत नाही.

'हाकिमियत' आणि 'जाहिलियत' या दोन संज्ञांवर हा ग्रंथ उभा आहे. सार्वभौमत्व केवळ अल्लाहचे, या विचाराला राजकीय सिद्धान्ताचे रूप दिले ते मौलाना मौदूदी यांनी. त्यांचा जन्म १९०३ चा, औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर). त्यांचे उर्दू लेखन अनुवादांतून अरबी वाचकांपर्यंत पोहोचले. मौदूदींची जमात पुढे पाकिस्तानात निवडणुका लढवीत राहिली. कुत्ब यांनी मात्र आजचा अवघा समाज, मुस्लिम म्हणविणारासुद्धा, जाहिली ठरविला आणि तो बदलण्याचे काम निवडक अग्रदलाकडे सोपविले. मूळच्या संज्ञेत शासनाविषयीचे मत होते. आता त्यात माणसाच्या ईमानाविषयीचा निवाडा आला.

हुकूम केवळ अल्लाहचा, या आशयाचे वचन सूरह यूसुफमध्ये (१२:४०) आहे. तेथे संदर्भ उपासनेचा आहे. विशेष म्हणजे त्याच सूरहमध्ये हजरत यूसुफ (अलै.) मिस्रच्या राजाकडे कोठारांची जबाबदारी मागून घेतात (१२:५५). राजसत्तेशी प्रत्येक सहकार्य जर ईमानाविरुद्ध असते, तर या प्रसंगाची संगती लागत नाही.

हाच आशय सिफ्फीनच्या लढाईनंतर (इ. स. ६५७) खारिजींनी घोषणा म्हणून वापरला होता. शब्द खरे, पण हेतू खोटा, असे हजरत अली (रजि.) यांचे त्यावर म्हणणे होते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यांना दाखवून दिले की पतिपत्नीच्या वादात कुरआन स्वतःच माणसांना लवाद नेमावयास सांगतो (४:३५). तरीही ६६१ मध्ये एका खारिजीनेच हजरत अलींचा प्राण घेतला.

कुत्ब यांना १९६६ मध्ये फाशी झाली. त्यांच्या ग्रंथात कोणा व्यक्तीच्या हत्येचा आदेश नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु समाजाला इस्लामबाह्य ठरविल्यावर पुढचे पाऊल टाकणारे निघाले. अब्दुस्सलाम फरज या विद्युत अभियंत्याने मुस्लिम शासकाविरुद्ध शस्त्र उचलणे हे विसरलेले कर्तव्य असल्याची पुस्तिका लिहिली. त्याच्या गटाने ६ ऑक्टोबर १९८१ रोजी अन्वर सादात यांची हत्या केली. मंगोलांविषयीचे इब्ने तैमिया यांचे फतवे त्याने सातशे वर्षांनंतरच्या मिस्रला लावले. मिस्रचे मुफ्ती शेख जादुल हक यांनी या पुस्तिकेचे सविस्तर खंडन केले.

या विचाराला आतून उत्तर मिळाले नाही, हा समज चुकीचा आहे. मौलाना वहीदुद्दीन खान यांनी १९६३ मध्येच 'ताबीर की गलती'मध्ये मौदूदींच्या मांडणीची चिकित्सा केली. मौलाना अबुल हसन अली नदवी यांनीही याच अंगाने आक्षेप घेतले. खुद्द इख्वानचे प्रमुख हसन हुदैबी यांच्या नावाने १९७७ मध्ये 'दुआत ला कुदात' प्रसिद्ध झाले. 'हाकिमियत' हा शब्द कुरआन वा हदीसमध्ये आढळत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपण दीनकडे बोलावणारे आहोत, इतरांच्या ईमानाचे न्यायाधीश नाही, हा त्याच्या शीर्षकाचाच अर्थ आहे.

अभ्यासवर्गात 'मआलिम' टाळल्याने विद्यार्थी तो वाचणार नाहीत असे नाही. ते तो एकट्याने, संदर्भाविना वाचतील. म्हणून 'मआलिम'सोबत हुदैबी आणि वहीदुद्दीन खानही वाचले जावेत. आयतीचा पूर्वापार संबंध लावणे व संज्ञेचा इतिहास तपासणे हे भाषेच्या अध्यापकाचे नेहमीचेच काम आहे. येथे त्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, एवढाच फरक.