व्यंग, व्यंग्य आणि अभिनय

'व्यंग' आणि 'व्यंग्य' या दोन शब्दांची मराठी लेखनात वारंवार गल्लत होते. पहिला शब्द 'अंग' यास 'वि' हा उपसर्ग लागून झालेला असून त्याचा अर्थ अंगातील न्यून असा आहे. दुसरा 'अञ्ज्' या धातूपासून साधलेला असून काव्यशास्त्रात तो सूचित अर्थाचा वाचक आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचे काही नाते नाही. रंगभूमीवर मात्र ही गल्लत केवळ शुद्धलेखनापुरती राहिली नाही. तेथे व्यंग आले ते बहुधा व्यंग्यासाठी आले. आंधळेपणा अविवेकाचा सूचक ठरला, कुबड कुटिलतेचे, मुकेपणा असहायतेचा. नृत्य व नाट्य यांतील अपंगांच्या समावेशाची चर्चा आज होते तेव्हा ती करुणेच्या परिभाषेत अडकून पडते, याचे एक मूळ या जुन्या सवयीत आहे.

नाट्यशास्त्रात विदूषकाच्या हास्याचे अंगकृत, काव्यकृत आणि नेपथ्यकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. ठेंगणेपणा, कुबड, पुढे आलेले दात, टक्कल ही त्यांतील पहिल्याची सामग्री होय. आधुनिक मराठी रंगभूमीतही चित्र फारसे निराळे नाही. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 1933 साली रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसनच्या नाटकावरून रचलेले नाटक नव्या युगाचा आरंभ म्हणून ओळखले जाते. त्याच्या शीर्षकातील आंधळे डोळ्यांनी आंधळे नाहीत, हे सांगावयास नकोच. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती'त बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा प्रत्यक्ष रंगमंचावर वावरतो. तथापि त्या नाटकाचा विषय, त्याचे नावच सांगते त्याप्रमाणे, आईबापांची नाती हा आहे. मुलगा ही त्या नात्यांची कसोटी. दळवींच्या नाटकाचे मोल यामुळे कमी होत नाही, परंतु पात्र अपंग असणे आणि नट अपंग असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून लक्षात यावे. (अलीकडे रूढ झालेल्या 'दिव्यांग' या शब्दानेही वेगळे काही साधलेले नाही. न्यूनाच्या जागी दिव्यत्व सुचविले गेले, इतकेच. अंग पुन्हा सूचकच राहिले.)

या दृष्टीने मार्क मेडॉफ यांचे 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' हे अमेरिकन नाटक अभ्यासण्याजोगे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ते 1980 साली आले आणि नायिका साराची भूमिका करणाऱ्या फिलिस फ्रेलिक या बधिर अभिनेत्रीस त्याच वर्षी टोनी पारितोषिक मिळाले. व्यावसायिक प्रयोगांत बधिर पात्रांच्या भूमिका बधिर वा कमी ऐकू येणाऱ्या नटांनीच कराव्यात, असा लेखकाचा आग्रह आहे. सारा तोंडाने बोलण्याचे नाकारते. तिला बोलते करू पाहणारा शिक्षक जेम्स तिचा पती होतो. सारा हातांनी जे म्हणते ते ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ते जेम्सच्या तोंडून. येथे व्याकरणाचाच प्रश्न उभा राहतो. जेम्स साराचे वाक्य उच्चारतो तेव्हा त्यातील 'मी' कोणाचा? कोणी कोणाच्या वतीने बोलावे हाच नाटकातील संघर्ष असल्यामुळे ही युक्ती सोयीची न राहता आशयाचा भाग बनते. परंतु त्याच कारणास्तव सारा अखेरपर्यंत जेम्सच्या स्मृतीतील सारा राहते, ही त्या नाटकाची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

लॉस एंजेलिस येथील 'डेफ वेस्ट थिएटर' या 1991 साली स्थापन झालेल्या संस्थेने यापुढचे पाऊल टाकले. 2003 साली ब्रॉडवेवर गेलेल्या त्यांच्या 'बिग रिव्हर' या संगीत नाटकात हकची भूमिका बधिर नटाने हातांनी केली, तर त्याचा आवाज मार्क ट्वेनचे पात्र रंगविणाऱ्या नटाने दिला. कथा सांगणाऱ्या लेखकाचाच आवाज त्याच्या मानसपुत्रास मिळाला. दुभाष्या रंगमंचाच्या कडेस उभा न राहता नाट्याच्या आत आला. एका गाण्यात तर मध्येच वाद्ये व आवाज थांबतात आणि केवळ हात गात राहतात. त्या क्षणी ऐकू येणारा प्रेक्षकच उणा पडतो.

हे हात आंगिक अभिनय करतात की वाचिक? मराठी नाट्यसमीक्षा याचे उत्तर सहज 'आंगिक' असे देईल, आणि ते चुकीचे असेल. विल्यम स्टोकी यांनी 1960 साली दाखवून दिले की, अमेरिकन खुणांच्या भाषेतील प्रत्येक खूण हाताचा आकार, स्थान आणि हालचाल या घटकांत पृथक् करता येते. अर्थात् तिलाही वर्णव्यवस्थेसारखी व्यवस्था आहे. नर्तकीच्या चोवीस असंयुत हस्तांशी तिचे साम्य वरवरचे आहे. हस्त गीताच्या अर्थाचे अनुसरण करतात. खुणांच्या भाषेला कोणत्याही बोलीचा आधार लागत नाही. भरताच्या वाचिकाभिनयात स्वर, व्यंजने आणि छंद यांचाच विचार आहे, त्यामुळे हा अर्थविस्तार भरतसंमत आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. तो आज आपल्या जबाबदारीवर करावा लागेल. वाचिक म्हणजे ध्वनी असे मानले तर बधिर विद्यार्थ्याला नाट्यशिक्षणाचे दार व्याख्येनेच बंद होते. वाचिक म्हणजे भाषा असे मानले तर उघडते.

नृत्यात प्रश्न निराळ्या रीतीने येतो. 1981 च्या अपघातात पाय गमावल्यानंतर सुधा चंद्रन 1984 साली जयपूर पायाच्या साहाय्याने भरतनाट्यमकडे परतल्या. अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे अशा भारतीय गरजांसाठी घडविलेला हा पाय. त्यांचे धैर्य वादातीत आहे, पण त्यांच्या नृत्याची स्तुती कृत्रिम पाय ओळखू येत नाही या मुद्द्यावर येऊन थांबते. नृत्याची कसोटी तशीच राहते आणि नर्तकी तिच्यात पुन्हा बसते. याउलट, 1973 साली प्रयोगातच जायबंदी झालेल्या सेलेस्ट डँडेकर यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह 1991 साली लंडन येथे स्थापिलेल्या 'कँडोको'ने चाकाची खुर्ची व कुबडी यांनाच नृत्यरचनेत स्थान दिले. पहिल्या उदाहरणात भरपाई आहे, दुसऱ्यात रचना.

स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांकडून करविलेल्या 'अपूर्व मेघदूत'चे परीक्षण याच भेदाच्या आधारे व्हावयास हवे. मेघदूत हे पाहण्याचे काव्य. रामगिरीपासून अलकेपर्यंतचा प्रदेश त्यात उंचावरून दिसतो. नट एकमेकांवर आदळत नाहीत याचे कौतुक करून समीक्षक मोकळा होत असेल, तर त्याने नाटकाला न्याय दिला नाही. न पाहिलेला प्रदेश शब्दांनी, नादांनी आणि पायाखालच्या स्पर्शाने कसा उभा राहिला, हे त्याने सांगितले पाहिजे, आणि तो उभा राहिला नसेल तर तेही निर्भीडपणे सांगितले पाहिजे. सवलतीने दिलेली स्तुती हीदेखील एक प्रकारची बहिष्कृतीच होय.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016 मधील कलम 29 अन्वये सांस्कृतिक व कला विषयांच्या अभ्यासक्रमांची अपंगांच्या सहभागासाठी पुनर्रचना करणे अभिप्रेत आहे. ही पुनर्रचना प्रवेशाच्या राखीव जागांपाशी थांबू शकत नाही. अभिनयाच्या परीक्षेत गुण कशास द्यावयाचे, हा तिचा गाभा आहे. त्यानंतर प्रश्न उरतो तो इमारतीचा, आणि तो क्षुल्लक नाही. 2019 साली 'ओक्लाहोमा!'मधील भूमिकेसाठी टोनी पारितोषिक मिळविणाऱ्या अ‍ॅली स्ट्रोकर या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या पहिल्या विजेत्या अभिनेत्री. त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा त्या इतर कलावंतांसमवेत प्रेक्षागृहात नव्हत्या, पडद्यामागे थांबल्या होत्या. कारण प्रेक्षागृहातून रंगमंचावर जाण्यास उतरण नव्हती.