परीक्षकाला विदूषक करू नका

माइक ली यांचा चित्रकार टर्नरवरचा चित्रपट ‘मिस्टर टर्नर’ नुकताच पुन्हा पाहिला आणि कलासमीक्षक जॉन रस्किनच्या प्रसंगापाशी पुन्हा तितकाच चिडलो. बोबडं बोलणारा, स्वतःच्याच वाक्यांवर खूश असलेला एक पोरगेला पंडित, एवढाच रस्किन तिथे आहे. टर्नरच्या उत्तरकाळातल्या चित्रांची लंडनमध्ये टवाळी होत होती, तेव्हा 1843 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी ‘मॉडर्न पेंटर्स’चा पहिला खंड लिहून त्याची बाजू घेणारा हाच माणूस! ‘मिस्टर टर्नर’च्याच वर्षी, 2014 मध्ये, आलेल्या ‘एफी ग्रे’ या चित्रपटात तो फक्त थंड, निष्ठुर नवरा. बीबीसीच्या ‘डेस्परेट रोमँटिक्स’ या मालिकेबद्दल न बोललेलं बरं. टॉम स्टॉपर्ड यांच्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ लव्ह’ या नाटकात रस्किन आणि दुसरा समीक्षक वॉल्टर पेटर थोडाच वेळ येतात, पण त्यांना डोकं आहे. माझ्या लेखी या सगळ्यांत तेवढंच जमलेलं.

आपल्याकडे तर कलासमीक्षकाला पात्र करण्याची वाट फारशी कोणी चाललेलंच नाही. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’ या ऐतिहासिक कादंबऱ्या हा आपला राजमार्ग. दरबार, रणांगण आणि वियोग. एकोणिसाव्या शतकातली मुंबई त्या मार्गावर लागत नाही. रणजित देसाईंनी ‘राजा रविवर्मा’ लिहून बाजूची वाट धरली, पण त्यावरून झालेला ‘रंगरसिया’ हा चित्रपट प्रेमप्रकरणात आणि कोर्टकचेरीत रमला. अजिंठ्याचंही तेच. जेम्स फर्ग्युसनने 1843 मध्ये लेण्यांविषयी निबंध वाचला, त्यातून हालचाल होऊन रॉबर्ट गिल तिथल्या चित्रांच्या नकला करायला आला. पडद्यावर मात्र गिल आणि स्थानिक तरुणी पारो यांच्या प्रेमानं सगळी जागा व्यापली. या प्रकारच्या कथांत चित्रं पाहणाऱ्या गोऱ्या जाणकाराला कामं दोनच: नायकाला पदक द्यायचं, नाहीतर त्याचा अपमान करायचा.

आणि समोर जॉर्ज बर्डवुडसारखा माणूस पडून आहे. जन्म 1832 चा, आपल्या बेळगावचा. मुंबईत डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीतला खटपट्या. जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी हे त्या कामातले त्याचे सोबती. 1880 च्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात तो गावच्या विणकरावर, तांबटावर, कुंभारावर जीव ओवाळून टाकतो. यंत्र आलं तर हे सगळं बुडेल म्हणून कळवळतो. त्याच ग्रंथात तो सांगतो की ललितकला म्हणून शिल्प आणि चित्र भारतात नाहीतच! पुढे 1910 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, लंडनच्या सभेत जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना त्याने उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली आणि चित्रकार-लेखकांचा रोष ओढवून घेतला.

विणकराचा हात ज्याला दिसला, त्याला मूर्तिकाराचं मन का दिसू नये? मी भिवंडीत राहतो. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग इथे होते, त्यांच्या जागी यंत्रमाग आले. बर्डवुडची भीती इथे दिवसरात्र खडखडते. आणि गावाबाहेर लोनाडच्या डोंगरात कोरलेली शिल्पं त्याचं दुसरं विधान खोडून काढायला शतकानुशतकं उभी आहेत. एकाच तालुक्यात त्याचं बरोबर असणं आणि चुकणं दोन्ही सापडतं. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

यावर एक आक्षेप ऐकू येतो. साहेबाच्या मनाचे कंगोरे आपण कशाला रंगवायचे? त्यांनी आपले रंगवले होते का? हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. साहेब पोकळ दाखवला की त्याच्याशी झगडणारा आपला माणूसही पोकळ होतो. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे भाऊ दाजी एखाद्या मूर्खाला गप्प करतात, यात कसला पराक्रम? समोर व्यासंगी, प्रेमळ आणि तरीही आंधळा बर्डवुड असेल, तरच भाऊ दाजींची उंची कळेल. रस्किनचंही तसंच. सत्तावनच्या उठावानंतर, 1858 च्या जानेवारीत, त्याने भारतीयांच्या रंगरेषांची नजाकत मान्य केली आणि लगेच त्यांची कला निसर्गाकडे पाठ फिरवणारी, म्हणून माणसाला अधोगतीला नेणारी ठरवली. त्याच रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ 1904 मध्ये आगगाडीत वाचून गांधीजींनी आयुष्य बदललं. ज्या माणसाच्या पोटात हे दोन्ही मावतं, त्याला बोबडा विदूषक करणं हा लेखकाचा आळस आहे. त्याला देशाभिमानाचं नाव देऊ नये.

दुय्यम पात्र म्हणजे दुय्यम बुद्धीचं पात्र नव्हे. म्हणून मराठी कादंबरीकारांना माझं सांगणं आहे: एका प्रकरणापुरते बर्डवुड आणि भाऊ दाजी समोरासमोर बसवा, आणि बर्डवुडच्या तोंडी तुम्हाला सुचेल तो सर्वांत भक्कम युक्तिवाद घाला. भाऊ दाजी त्याला उत्तर देतील. तेवढा विश्वास त्यांच्यावर ठेवा.